महागडा हेडफोन घ्यावा का? कापूस, कूलर आणि कानाचा हिशोब

कापसाचे चुकारे हातात यायला लागले की आमच्याकडची पोट्टी विचारून राहतात, भाऊ, तीस हजाराचा हेडफोन घेऊ का, खरंच काही फरक पडते का नुसता नावाचा पैसा आहे? कोणी झेडपीत मास्तर, कोणी पुण्याच्या कंपनीचं काम गावात बसून करणारा, कोणी लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा, कोणाला नुसतं गाण्याचं वेड. सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही म्हणून सगळं एका जागी लिहून टाकतो. लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. महागडा हेडफोन घ्यायचा का नाही हे त्याच्या किमतीवरून किंवा यूट्यूबच्या रिव्ह्यूवरून ठरवू नका, तुम्ही कुठे बसून ऐकता आणि दिवसातून किती वेळ ऐकता यावरून ठरवा. आपल्या विदर्भात तर वर्षातले तीन-चार महिने हा निर्णय कूलर घेतो. हसू नका, खाली सांगतो.

पहिलं काम: जागा तपासा

हेडफोनचे ढोबळ दोन प्रकार. क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद, बाहेरचा आवाज थोडाफार अडवणारे. आणि ओपन-बॅक, म्हणजे मागे जाळी, हवा आरपार. ज्यांची तारीफ ऐकून लोक वेडे होतात असे बरेच महागडे हेडफोन या दुसऱ्या प्रकारातले असतात, कारण जाळीमुळे आवाज मोकळा वाटतो, डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही. पण ही जाळी बाहेरचा आवाज अजिबात अडवत नाही. शेजारच्याचा ट्रॅक्टर, आजीची सिरीयल, कुत्रे, सगळं आत येते, आणि तुमचं गाणंही बाहेर बाजेवर झोपलेल्याला ऐकू जाते.

आता एप्रिल-मे आठवा. बाहेर पंचेचाळीस डिग्री, खिडकीला लोखंडी कूलर, खसच्या ताट्यांवर टिल्लू पंपाचं पाणी पडून राहिलं, पंखा फुल स्पीडवर. फोनमध्ये आवाज मोजायचं फुकट ॲप टाकून बघा, कूलरसमोर पन्नास-साठ डेसिबलच्या घरात आकडा दिसेल. ॲपचा आकडा एकदम बरोबर नसतो, पण अंदाज येते. महागड्या हेडफोनचे तुम्ही पैसे देता ते बारीक आवाजासाठी, गायकाने श्वास घेतला ते, पेटीचा भाता, तबल्यावर बोट घासल्याचा आवाज. हे सगळे आवाज कूलरच्या घरघरीखाली दबून जातात. मग तुम्ही आवाज वाढवता. मग कान दुखतो. तीस हजाराचा ओपन-बॅक कूलरसमोर घालून बसणं म्हणजे भर वादळात अत्तर लावून फिरणं.

यासाठी एक टेस्ट आहे, पैसा लागत नाही, आत्ता जे इअरफोन घरात असतील त्याच्यावर करा. रात्री नेहमीच्या जागी बसा, कूलर किंवा पंखा नेहमीसारखा चालू ठेवा. तानपुऱ्याने सुरू होणारा एखादा विलंबित ख्याल लावा, आवाज नेहमीइतकाच. गायक सुरू व्हायच्या आधी तानपुऱ्याची तार छेडली की ती झंकार हळूहळू विरते ना, ती कुठपर्यंत ऐकू येते ते ध्यान देऊन ऐका. मग टिल्लू बंद करा, कूलरचा पंखा बंद करा, आवाजाच्या बटणाला हात न लावता तोच तुकडा परत लावा. दुसऱ्या वेळी तार बऱ्याच पुढपर्यंत ऐकू आली, आधी नव्हतं ते काही तरी सापडलं, तर समजा की तुमची अडचण हेडफोनची नाही, खोलीची आहे. खोली बदलत नसेल तर ओपन-बॅकचा विषय तिथेच संपला, एक तर कानात घट्ट बसणारे इअरफोन घ्या नाही तर नॉइज कॅन्सलिंगवाला.

नॉइज कॅन्सलिंगचं थोडं समजून घ्या कारण त्याच्याबद्दल लय गैरसमज आहेत. बोस कंपनी काढणारे अमर बोस यांना ही कल्पना १९७८ मध्ये विमानात बसले असताना सुचली, इंजिनाच्या घरघरीत गाणं नीट ऐकूच येत नव्हतं, आणि त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट आला १९८९ मध्ये. बाहेरचा माइक आवाज पकडतो, आतलं सर्किट त्याचा बरोबर उलटा आवाज तयार करते, दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. हे जमते ते एकसारख्या, खालच्या पट्टीच्या आवाजाला. म्हणजे विमान, एसटीचं इंजिन, कूलरचा पंखा यांना मस्त जमते. बायकोने मारलेली हाक, कुकरची शिट्टी, देवळावरचा भोंगा, हे नुसतं कमी होते, जात नाही. दुकानदार म्हणेल एकदम शांतता होते, ऐकून घ्या आणि सोडून द्या.

आणि एक, नॉइज कॅन्सलिंग लावून वावरात जाऊ नका. रात्रीची लाइन आली म्हणून ओलिताला जाणारे कितीतरी जण कानात काही तरी घालून जातात. साप, रानडुक्कर, चंद्रपूर-गडचिरोलीकडे तर वाघ-बिबट, तिथे कान हाच पहारेकरी आहे. बाइकवर पण नाही. ज्याचं ऐकणं मुख्यतः वावरात किंवा गाडीवर होते त्याने महागडं काही घेऊच नये, तिथे एका कानातला स्वस्त पीस बरा.

दुसरं काम: आठ दिवस तास लिहा

मोबाइलमध्ये नोट उघडा आणि आठ दिवस रोज लिहा, किती वेळ ऐकलं, काय ऐकलं आणि ऐकताना दुसरं काय चालू होतं. तिसरा रकाना सगळ्यात कामाचा. भांडे घासताना, जेवताना, रील बघताना ऐकलेला वेळ वेगळा काढा, त्याला महागडा हेडफोन लागत नाही. बातम्या, कीर्तन, एमपीएससीचे लेक्चर, पॉडकास्ट, म्हणजे जिथे फक्त माणूस बोलतो, त्यालाही नाही लागत. उरला तो डोळे मिटून गाणं ऐकण्याचा वेळ.

समजा तो आठवड्याला दोन तास निघाला. तीस हजाराची वस्तू पाच वर्षं टिकली तर ५२० तास, म्हणजे तासाला जवळपास ५८ रुपये. रोज दीड तास असेल तर पाच वर्षांत २,७०० च्या वर तास होतात, तासाला अकरा रुपये पडतात. पहिल्या माणसाने नाही म्हणावं, दुसऱ्याने पुढे वाचावं, इतकं साधं आहे हे. फक्त "घेतला की जास्त ऐकणार" असं लिहू नका, आज जेवढं ऐकता तेवढंच लिहा.

तिसरं काम: आत्ता जे आहे त्यातून पूर्ण काढून घ्या

बऱ्याच जणांना नवीन हेडफोन लागतच नाही. एक एक करून बघा.

ॲपची सेटिंग उघडा. डेटा वाचवायला म्हणून ऑडिओ क्वालिटी लो वर ठेवलेली असते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. स्पॉटिफाय प्रीमियमची व्हेरी हाय सेटिंग ३२० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) आहे, ॲपल म्युझिकने जून २०२१ पासून लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काही न कापलेलं, जास्तीचे पैसे न घेता दिलं. गावात नेटवर्क दोन कांड्यांवर असते म्हणून ऑटोमॅटिकवर ठेवलं की ॲप स्वतःच क्वालिटी खाली आणते, त्यापेक्षा शहरात गेले की वाय-फायवर हाय क्वालिटीत डाउनलोड करून आणा. व्हॉट्सॲपवर फिरत आलेली एमपीथ्री आणि कोणी तरी टीव्हीवरून रेकॉर्ड करून टाकलेलं गाणं यावर कितीही महागडा हेडफोन लावा, तो फक्त खरखर जास्त स्वच्छ ऐकवेल.

इअरफोन असेल तर रबरी टिप बदला. डब्यात तीन साइज येतात, बहुतेक लोक मधली लावलेली असते तीच ठेवतात. कानात नीट सील बसलं नाही की बेस गायब, आणि माणूस म्हणतो इअरफोन भंगार आहे. दोन कानांना दोन वेगळ्या साइज लागू शकतात, त्यात काही वावगं नाही.

इक्वलायझर वापरा, म्हणजे जाड-बारीक आवाज वेगवेगळा कमी-जास्त करायची सेटिंग. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं ॲप आहे, त्यात ऑटोईक्यू नावाच्या प्रकल्पाच्या मोजमापांवरून बनवलेल्या शेकडो हेडफोनच्या तयार सेटिंग मिळतात, तुमचं मॉडेल शोधा आणि लावा. कॉम्प्युटरवर इक्वलायझर एपीओ फुकट आहे. लोक याला हात लावत नाहीत, वाटते की यात मूळ आवाज बिघडतो. मला विचाराल तर दोन हजाराच्या वस्तूवर नीट इक्वलायझर लावून जो फरक पडतो तो दोन हजारावरून आठ हजारावर जाऊन पण पुष्कळदा पडत नाही.

हे सगळं करून पंधरा दिवस ऐका. मग कागदावर एका वाक्यात लिहा की अजून काय कमी आहे. "बेस घुमतो, ढोलकीची थाप आणि गाणाऱ्याचा आवाज एकमेकांत मिसळतो" हे चालेल. "डोकं दुखते, अर्ध्या तासाच्या वर घालवत नाही" हे तर फारच चांगलं कारण आहे. "भारी पाहिजे" हे कारण नाही.

किमतीची शिडी, आणि ती कुठे मोडते

हेडफोनचा धंदा जुना आहे. १९१० मध्ये नॅथॅनिएल बाल्डविन या अमेरिकन माणसाने घरच्या स्वयंपाकघरात बनवलेले हेडफोन तिथल्या नौदलाला विकले, कॉस कंपनीने १९५८ मध्ये स्टिरिओ हेडफोन आणला. इतक्या वर्षांत आवाज चांगला कसा करायचा हे ज्ञान आता कोणा एका कंपनीच्या तिजोरीत राहिलं नाही. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सोबत्यांनी माणसं बसवून ऐकवून बघितलं, बहुतेकांना कोणत्या प्रकारचा समतोल आवडतो त्याची एक रेषा काढली, ती सगळ्यांना उपलब्ध आहे, आणि चीनमधल्या छोट्या कंपन्या त्या रेषेच्या जवळ जाणारे इअरफोन दोन हजारात विकून राहिल्या आहेत.

२०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनची मोजमापं घेऊन किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स यांचा संबंध तपासला, म्हणजे जाड आवाज किती, बारीक किती हा जो समतोल असतो त्याचा. संबंध सापडला नाही. याचा अर्थ सगळे हेडफोन सारखे असा नाही बरं का, अर्थ एवढाच की किमतीकडे बघून आवाजाचा अंदाज लावता येत नाही. स्वस्तातही चांगले आहेत आणि महागातही भंगार आहेत.

मग पैसा जातो कुठे? माझा अंदाजपंचे हिशोब असा. पाचशेवरून दोन हजारावर गेलात की फरक आंधळ्यालाही कळेल. दोनवरून सहा-आठ हजारावर गेलात की आवाजापेक्षा बनावट सुधारते, वायर बदलता येते, डोक्याची पट्टी धड असते. पंधरा हजाराच्या आसपास चांगले वायरवाले ओपन-बॅक सुरू होतात आणि गाणं ऐकणाऱ्यासाठी ही सगळ्यात गोड जागा आहे असं मी ठामपणे म्हणतो. पंचवीस-तीस हजारात सेनहायझर एचडी ६०० सारखे नावाजलेले, किंवा सोनी-बोसचे नॉइज कॅन्सलिंगवाले. त्याच्या वर लाखापर्यंत आणि लाखाच्या पुढे जे आहे तिथे प्रत्येक जास्तीच्या दहा हजाराला मिळणारी गोष्ट इतकी बारीक होत जाते की ती ऐकायला कान शिकवावा लागतो. ज्याचा कान शिकलेला आहे आणि खिसाही भरलेला आहे त्याने खुशाल घ्यावा, आपण कोण बोलणारे.

आपल्या भाषेत सांगायचं तर २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल आहे. बत्तीस हजाराचा हेडफोन म्हणजे चार क्विंटल कापूस, तोही वेचाई, फवारणी, खत यांचा खर्च न काढता. सोयाबीनचा हमीभाव ५,३२८, म्हणजे सहा क्विंटल. कोरडवाहू एकरात कित्येकांच्या घरी तेवढंच येते. आणि हमीभाव सगळ्यांच्या हातात पडते का हे मी तुम्हाला काय सांगू. शेतीवर घर चालत असेल तर रुपयांऐवजी क्विंटलमध्ये मोजा, डोकं पटकन ठिकाणावर येते.

वायर का ब्लूटूथ

इथे मी एका बाजूचा आहे. तीस हजार घालायचे आणि घरी बसून ऐकायचं तर वायरवाला घ्या. एचडी ६०० बाजारात आला १९९७ मध्ये, आजही विकला जातो, त्याच्या गाद्या, वायर, पट्टी सगळं सुटं मिळते. ब्लूटूथवाल्यात बॅटरी असते, आणि लिथियम बॅटरीला उष्णतेइतका दुसरा शत्रू नाही. आपल्याकडे टिनाच्या छताखाली दुपारी कपाट उघडलं तरी वाफ येते. तीन-चार वर्षांत बॅटरी अर्धी झाली की बदलून देणारा तालुक्याला मिळत नाही, आणि मिळाला तरी त्या मॉडेलची बॅटरी मिळत नाही. पन्नास-साठ हजाराच्या वस्तूलाही हा नियम माफ नाही. ॲपलचे एअरपॉड्स मॅक्स भारतात ५९,९०० रुपयांना आले होते, आत बॅटरीच आहे ना शेवटी.

आवाजाच्या दर्जाची भांडणं लोक उगाच करतात. सीडीचा डेटा सेकंदाला १,४११ किलोबिट, ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या पद्धतींमधला एलडॅक जास्तीत जास्त ९९०, साधा एसबीसी त्याच्याही बराच खाली. कागदावर फरक मोठा दिसते, कानाला चालत्या एसटीत घंटा कळत नाही. ब्लूटूथ नको म्हणण्याचं माझं कारण बॅटरी आणि टिकाऊपणा हेच आहे.

पण दर आठवड्याला नागपूर-पुणे ट्रॅव्हल्सने जाणारा, दिवसभर ऑफिसचे कॉल घेणारा, किंवा ज्याच्या घरात बारा माणसं आणि एकच हॉल आहे, त्याने नॉइज कॅन्सलिंगवालाच घ्यावा, त्याला शांतता विकत घ्यायची आहे आणि ती या किमतीत खरंच मिळते. फक्त या वर्गात नवीन मॉडेल आलं की जुनं स्वस्त होते, सोनीचं एक्सएम४ २०२० चं, एक्सएम५ २०२२ चं, एक्सएम६ २०२५ चं. एक पिढी मागचं घेतलं तर काही बिघडत नाही, कूलरला काय माहीत तुमचं मॉडेल कोणत्या सालचं आहे.

ॲम्पचं भूत

महागडा घेतला की पोट्टे म्हणतात, भाऊ आता डॅक आणि ॲम्प पण लागते, अजून वीस हजार. थांबा. डॅक म्हणजे फोनमधल्या डिजिटल गाण्याचा आवाजाचा सिग्नल बनवणारा, ॲम्प म्हणजे त्याला ताकद देणारा. आजच्या बऱ्याच फोनला ३.५ एमएमचं भोकच नसते, त्यामुळे डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या भोकात लावायचा छोटा जोड, लागतोच, आणि त्या डोंगलमध्येच छोटा डॅक-ॲम्प असतो. कुठलाही हेडफोन घ्यायच्या आधी दोन आकडे बघा, इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) किती ओहम आणि सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच ताकदीवर किती मोठा वाजतो) किती. लोक फक्त ओहम बघतात. एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे, सगळे त्याला घाबरतात, पण त्याची सेन्सिटिव्हिटी १ व्होल्टला ९७ डेसिबल आहे. चांगल्या डोंगलमधून साधारण १ व्होल्ट निघतो, म्हणजे गाण्यातली सगळ्यात मोठी उसळी ९७ च्या घरात आणि सरासरी त्याच्या दहा-पंधरा खाली. शांत खोलीत घरी ऐकायला पुरते. ज्याला कान फोडायचेच आहेत किंवा इक्वलायझरने बेस खूप वर करायचा आहे त्याला ॲम्प लागेल. उलट प्लॅनर नावाच्या प्रकारात ओहम कमी दिसते पण सेन्सिटिव्हिटीही कमी असते, त्याला जास्त ताकद लागते आणि ओहमवर गेलेला माणूस फसतो.

अजून एक आपल्याकडची खास भानगड. टेबलावर ठेवायचा, अडॅप्टरवर चालणारा ॲम्प घेतला आणि घरात अर्थिंग धड नसलं तर कानात सतत गुंईईई असा आवाज येतो. साधा, स्क्वेअर वेव्हवाला इन्व्हर्टर असेल तर लाइन गेल्यावर अजूनच. लॅपटॉप चार्जिंगला लावून ऐकताना गुणगुण येते आणि चार्जर काढला की बंद होते ना, तेच हे. गावात मी डोंगलच सुचवतो, फोनच्या बॅटरीवर चालतो, लाइन येवो न येवो.

म्हणून बजेट धरताना पूर्ण धरा: हेडफोन, डोंगल, दोन-तीन वर्षांनी नवीन गाद्या, आणि गाण्याच्या ॲपचं सबस्क्रिप्शन. बजेट तीस असेल तर हेडफोन पंचवीसचा बघा.

ऐकल्याशिवाय घेऊ नका, आणि ऐकायचं कसं

आमच्या हिंगणघाटवरून नागपूर पाऊणशे किलोमीटर, सकाळच्या एसटीने गेलं की संध्याकाळी परत. सीताबर्डीला किंवा मॉलमधल्या मोठ्या दुकानात डेमोचे पीस असतात. सगळे मॉडेल मिळणार नाहीत, विशेषतः वायरवाले ओपन-बॅक कमीच दिसतात, पण घालून तर बघता येते. मुंबई-पुण्याला कोणी असेल तर तिथे ऑडिओची खास दुकानं आहेत, एक चक्कर तिकडे मारा.

जाताना स्वतःचा फोन, स्वतःचा डोंगल, आणि पाच-सहा पाठ असलेली गाणी डाउनलोड करून न्या. दुकानातलं डेमोचं गाणं ऐकूच नका, ते प्रत्येक हेडफोनवर भारी वाजेल असंच निवडलेलं असते. माझी यादी साधारण अशी असते, तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं एक खंजिरी भजन, एक तबल्याचा सोलो, एक बाईचा चढा आवाज, एक जुनं मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) रेकॉर्डिंग आणि एक आजकालचं डीजेवालं. खंजिरीच्या चकत्या ही कडक परीक्षा आहे. चांगल्या हेडफोनवर एकेक चकती सुटी खणखणते आणि हाताचा थापटा वेगळा ऐकू येते, वाईटावर पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं सगळं एकजीव होते, आणि तीन मिनिटांनी कानात टोचायला लागते. तबल्याच्या डग्ग्याच्या घुमाऱ्यात बेस कळतो, तो गोल यायला पाहिजे, धप्प नाही. जुन्या मोनो गाण्यात खरखर जर गायकापेक्षा पुढे आली आणि तुम्ही जुनीच गाणी जास्त ऐकत असाल, तर तो हेडफोन कितीही नावाजलेला असो तुमच्या कामाचा नाही.

दोन हेडफोनची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करा. जरा मोठा वाजणारा नेहमी चांगला वाटतो, हा कानाचा स्वभाव आहे, आणि विकणाऱ्यालाही तो माहीत आहे. मित्राला सोबत न्या, डोळे मिटून बसा, कोणता लावला ते त्याने सांगू नये. वीस हजाराचा आणि आठ हजाराचा ओळखता आला नाही तर बारा हजार वाचले, दोघं सीताबर्डीवर सांबारवडी खा आणि घरी या.

आणि कमीत कमी अर्धा तास डोक्यावर ठेवा, सेल्समन कितीही घिरट्या घालो. चष्मा असेल तर चष्म्यासकट. एक्सएम५ २५० ग्रॅमचा आहे, एअरपॉड्स मॅक्स ३८५ च्या आसपास, पहिल्या पाच मिनिटांत हा फरक कळत नाही, तासाभराने टाळूला कळते.

घाम

रेक्झिनसारख्या गाद्या आपल्या उन्हाळ्यात टिकत नाहीत. घामाने आधी चिकट होतात, मग वरचा थर सुटतो, आणि एक दिवस आरशात बघितलं की कानामागे काळे पापुद्रे चिकटलेले असतात. मखमली कापडाच्या गाद्या हवा खेळू देतात, धुता येतात, फक्त बेस थोडा बदलतो आणि कापसाच्या दिवसांत त्याच्यावर रुई बसते. घ्यायच्या आधी त्या मॉडेलच्या गाद्या सुट्या मिळतात का आणि कितीला, हे बघून ठेवा. मिळत नसतील तर ती वस्तू दोन उन्हाळ्यांची आहे असं समजून किंमत ठरवा. मे महिन्यात माझ्या मते कानावरचे हेडफोन बाजूलाच ठेवावे, कानातले वापरावे.

पैसा कधी आणि कसा

नो कॉस्ट ईएमआय खरंच फुकट नसते. प्रोसेसिंग फी लागते, व्याजाएवढी सूट दिली तरी व्याजावरचा १८ टक्के जीएसटी कार्डवाला लावतोच. रक्कम मोठी नाही, पण मुद्दा वेगळा आहे, शेतीच्या घरात हप्ता दर महिन्याला येते आणि पैसा दर महिन्याला येत नाही. मृगाच्या तोंडावर बी-बियाणं, खत, डवऱ्याचा खर्च समोर असताना हेडफोनचा हप्ता नको. पीककर्ज भरायचं बाकी असेल तर हा लेख इथेच बंद करा. रोख असेल, घरातल्या कोणाचं अडत नसेल, तरच.

घरच्यांना किंमत खरी सांगायची का, हा प्रत्येक वेळी येणारा प्रश्न. आमच्याकडे एक शून्य कमी करून सांगायची पद्धत आहे. अडचण अशी की मग पाहुण्यांचं पोट्टं तो उचलून अंगणात घेऊन जाते, तीन हजाराचाच आहे म्हणून कोणी अडवत पण नाही. खरी सांगा. "एवढ्या पैशात तं स्प्रे पंप आला असता दोन-चार" हे एकदा ऐकून घ्यावं लागेल, आणि उत्तर तुमच्याकडे तयार नसेल तर वर जे तासांचं लिहायला सांगितलं ते लिहिलंच नाही तुम्ही.

सेकंडहँडचाही विचार करा. वायरवाला वापरलेला घ्यायला हरकत नाही, गाद्या बदलल्या की काम झालं. ब्लूटूथवाला वापरलेला नको, बॅटरीचं वय कोणी खरं सांगत नाही.

आवाज किती ठेवायचा

नवीन वस्तू आली की माणूस तासनतास ऐकतो, म्हणून हे सांगणं भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे मोठ्या माणसाने ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तासांच्या वर ऐकू नये, आणि ९० वर गेलं तर आठवड्याला फक्त चार तास. थ्रेशरवर, ट्रॅक्टरवर, डीजेसमोर कान आधीच मार खाऊन बसलेले असतात. कानात शिट्टी वाजत असेल, समोरच्याला दोनदा विचारावं लागत असेल, तर हेडफोनच्या आधी कानाच्या डॉक्टरकडे जा. गेलेला बारीक आवाज लाखाचा हेडफोन परत आणत नाही.

घ्यायचं ठरलंच तर

ऑनलाइन मागवत असाल तर आधी पिनकोड टाकून बघा, महागड्या वस्तू गावात येत नाहीत किंवा तालुक्याच्या हबवरून उचला म्हणतात. रिटर्न म्हणजे पैसे परत का फक्त बदलून देणार, हे नीट वाचा, इलेक्ट्रॉनिक्समध्ये बहुतेक वेळा बदलूनच देतात. आवडला नाही हे कारण तिथे चालत नाही. विकणारा कंपनीचा अधिकृत आहे का ते बघा, महागड्या मॉडेलचे नकली पीस डब्यासकट हुबेहूब येतात, निम्म्या किमतीत कोणी देऊन राहिला तर तिथेच ओळखा. डबा उघडताना सुरुवातीपासून एकसलग व्हिडिओ काढा, सील आणि सिरीयल नंबर त्यात दिसला पाहिजे.

पहिल्या दोन दिवसांतच डावी-उजवी बाजू सारखी वाजते का बघा, एखादं मोनो गाणं लावलं की आवाज बरोबर मध्ये यायला पाहिजे. खालच्या पट्टीचा बेस लावून कुठल्या बाजूला कागद फडफडल्यासारखं होते का ऐका. नॉइज कॅन्सलिंग असेल तर कूलरसमोर बसूनच तपासा. वायर हलवून बघा. काही दिसलं तर त्याच दिवशी तक्रार टाका, मुदत संपायची वाट बघू नका.

ठेवायचा डब्यात, पावसाळ्यात सोबत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या, गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नाही. आणि दुकानातून घेतला असेल तर बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून स्वतःलाच मेल करा, ते गुळगुळीत कागदाचं बिल एका उन्हाळ्यात कोरं होते आणि मग सर्व्हिस सेंटरवाला वॉरंटीला हात लावू देत नाही.